पत्त्यासकट प्रार्थना

देवाला पिनकोड सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोळे मिटून, दोन्ही हात पुढं करून, घसा साफ करून ते सुरुवात करायचे, "प्रभू, जिल्हा गोंदिया, तालुका देवरी." मग गावाचं नाव, मग पिनकोड, मग "हातपंपापासून डाव्या हाताले वळलं का तिसरं घर, दार निळं, आंगणात जांभूळ." एवढं सगळं झाल्यावर मुद्द्याला हात घालायचे, "इथं एक बाई तापानं पडून राहिली." आम्ही चर्चच्या मंडळीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसू दाबायचो. त्यात त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून प्रार्थना खड्या आवाजात. देवापर्यंत कधी पोचायची ते तो जाणे, गल्लीच्या टोकापर्यंत मात्र लगेच पोचायची.

त्यांना सगळे डाकबाबू म्हणत. तोंडावर बाबूजी. देवरीकडच्या जंगलातल्या गावांत सायकलवर टपाल वाटण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्या मंडळीचे प्रचारक झाले. प्रचारक म्हणजे घरोघर जाणारा सेवक. दीक्षा नाही, झगा नाही, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस, द्यायचा अधिकार नाही. आमचे पाळकसाहेब, म्हणजे दीक्षा घेतलेले धर्मगुरू, पाच-सहा मंडळ्या सांभाळायचे, महिन्यातून एकदा यायचे. मधले सगळे दिवस डाकबाबूंचे.

एकदा उपासनेनंतर मंडळीच्या कमिटीतल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी त्यांना हटकलं. "बाबूजी, देव सर्वज्ञ आहे. त्याला पत्ता कशाला सांगता?"

"त्याले ठाऊकच हाय," डाकबाबू म्हणाले. "पन मी तिथं जाऊन आलो का नाही, का इथंच बसून फेकून राहिलो, ते तो पाहून रायते ना."

गृहस्थ पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पत्ता माहीत नसलेल्या माणसासाठी डाकबाबू प्रार्थनाच करायचे नाहीत. "फलाण्याच्या मेहुण्याकरता करा ना," असं कोणी म्हटलं की ते खिशातून पेन काढायचे. "रायते कुठं?" मग दोन दिवसांनी तिरोड्याच्या पॉवर प्लांटच्या फाटकापाशी उभे राहून त्या मेहुण्याची पाळी सुटायची वाट पाहणार, त्याला भेटणार, घर बघून येणार आणि त्यानंतर देवाशी बोलणार. तोवर मेहुणा बरा झालेला असायचा. तरीही प्रार्थना व्हायचीच, कारण काम हातात घेतलेलं होतं.

त्यांच्या उपदेशाबद्दल काय सांगावं! पाळकसाहेब आले नाहीत की उपदेशाची पाळी त्यांच्यावर यायची. वचन वाचायचे, चष्मा काढायचे, समोर बघून विचारायचे, "समजलं का?" आम्ही माना हलवायचो. "ज्याले नाही समजलं त्याच्या घरी येतो." झाला उपदेश. मुख्य कार्यालयाकडून दर तिमाहीला प्रचारकांसाठी एक अहवालाचा फॉर्म यायचा. त्यात 'केलेले कार्य' असा मोठा रकाना होता. बाकीचे प्रचारक त्याला पुरवणी जोडायचे. डाकबाबूंनी वर्षानुवर्षं त्यात एकच शब्द लिहिला. 'बसलो.'

आणि ते खरं होतं. ते बसायचे. सायकलच्या कॅरिअरला घडी केलेलं एक पोतं असायचं. कोणाच्या घरी खुर्ची नसली तर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते आपलं पोतं अंथरूनच बसायचे, मग घरात सोफा का असेना. बसण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. मग पुष्कळ वेळ काहीच बोलायचे नाहीत. निघायच्या आधी एकच प्रश्न, "काय मागू?" समोरचा सांगेल ते, सांगेल त्याच शब्दांत मागायचे. पदरचा शब्द घालायचे नाहीत. एका बौद्ध वस्तीतली आजी त्यांना म्हणाली होती, "म्या तुमच्या देवाले मानत नाही. मले काई मागायचं नाही." हे म्हणाले, "मंग नुसता बसू का?" ती म्हणाली, "बस." तिच्याकडे ते अनेक वर्षं गेले. तिथं प्रार्थनेचा शब्द कधी निघाला नाही, आणि तिच्याबद्दल सांगताना कधी त्यांच्या चेहऱ्यावर काही राहून गेल्यासारखं मी पाहिलं नाही.

सांगेल तेच मागायचं या नेमापायी एकदा मोठी गंमत झाली. तिरोड्याकडचे दोन सख्खे भाऊ, एका भिंतीला लागून दोन घरं, आणि धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाडवैर. थोरल्याकडे बसल्यावर डाकबाबूंनी विचारलं, "काय मागू?" थोरला रागात होता. म्हणाला, "धाकट्याच्या आंगाले अशी खाज सुटू दे का त्याचा डोळा नाही लागला पाहिजे." डाकबाबूंनी डोळे मिटले, जिल्हा-तालुक्यापासून सुरुवात केली आणि खाज मागितली. खड्या आवाजात. भिंतीपलीकडे धाकट्यानं शब्दन् शब्द ऐकला. तिथून उठून हे धाकट्याच्या दारात. पोतं अंथरलं, घड्याळ खिशात. "काय मागू?" धाकट्यानं थोरल्याची मोटर जळायला मागितली. तीही मागून झाली.

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चिडले. हे प्रचारकाला शोभतं का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. डाकबाबू शांतपणे म्हणाले, "साहेब, खोटं गोड मागल्यापेक्षा खरं कडू मागलेलं बरं. तो काय मागलं ते देऊनच टाकते का?"

पुढच्या आठवड्यात थोरला स्वतःहून म्हणाला, "बाबूजी, ते खाजीचं राहू द्या." धुऱ्याचं प्रकरण अजून तहसीलमध्ये आहे. पण खाज आणि मोटर दोन्ही मागं घेतल्या गेल्या, आणि आता ते दोघं भाऊ समोरासमोर आले तर निदान पाऊसपाण्याचं बोलतात.

आमच्याकडे साक्ष देण्याची रीत आहे. आपल्याला पाचारण कसं झालं, म्हणजे प्रभूनं सेवेला कसं बोलावलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. कोणाला उजेड दिसलेला असतो, कोणाला स्वप्नात आवाज आलेला असतो. खोटं म्हणत नाही मी, पण दरवर्षी उजेड थोडा वाढतो एवढं खरं. डाकबाबूंची साक्ष मी पाच-सहा वेळा ऐकली असेल. तिच्यात एका शब्दाचा फरक नसायचा.

"मले उजेड-बिजेड दिसला नाही. मले एक म्हातारी दिसली. तिच्या पोराचं पत्र होतं. तिले वाचता येत नव्हतं, म्या वाचून दाखोलं. पोरानं लिवलं होतं का मी आता तिकडंच रायतो, परत येत नाही. तिनं दोनदा वाचाले लावलं. मंग माह्या सायकलीचं कॅरिअर धरलं अन् म्हणाली, बाबू, थोडा बस ना. म्या म्हटलं, माय, अजून चार गावं बाकी हाय. पुढच्या फेरीले गेलो तं दाराले कुलूप. म्हातारी गेली होती. तवा मले समजलं का मले बोलावलं होतं, अन् मी घंटी वाजवत निघून गेलो."

एवढं सांगून ते खाली बसायचे. कोणी टाळ्या वाजवायचं नाही.

आता माझं सांगते. कारण त्याशिवाय या माणसाबद्दल मला एवढा अभिमान का, ते कळणार नाही.

मला पाळक व्हायचं होतं. माझ्या साक्षीतही उजेड नाही. देवरीकडच्या आमच्या एका लहान मंडळीत सुट्टीच्या रविवारी मी मुलांचा वर्ग घ्यायला जायची. तिथं प्रभुभोजन तीन-तीन महिने व्हायचं नाही, कारण द्यायला कोणी नसायचं. एक आजी दर रविवारी दोन कोस चालून यायची, विचारायची, "आज हाय का?" आणि नाही म्हटलं की परत जायची. एका रविवारी मीच तिला 'नाही' म्हणाले आणि वाटलं, हे मी का करू नये? तो विचार काही केल्या जाईना. वर्षभर तो मी झटकला, तरी जाईना.

आई मात्र मानेना. बाबा मी नववीत असताना गेले. आईनं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मला वाढवलं, फुलचूरला दोन खोल्यांचं घर बांधलं. आणि नेमकं त्याच वर्षी तलाठी भरतीच्या निवड यादीत माझं नाव लागलं होतं! नातेवाईक पेढे मागत होते आणि मी म्हणत होते की मला चार वर्षं धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जायचं आहे.

"पाळकीणबाई हो ना, कोण नाही म्हणतं?" आई म्हणाली. "चांगला पाळक बघून देते. स्वतः पाळक कशाला होतेस?"

आमच्या मंडळीत रीत अशी की कॉलेजात जायला मंडळीचं शिफारसपत्र लागतं, आणि घरच्यांची सही असल्याशिवाय कमिटी ते देत नाही. नियमात हे कुठं लिहिलेलं नाही. पण मुलगी म्हटल्यावर कमिटीला सगळे न लिहिलेले नियम आठवतात. मे अखेरीस अर्जाची मुदत संपत होती. आईची सही नाही तर सगळं तिथंच संपणार होतं.

डाकबाबू बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचे. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी ते आले, बसले, चहा घेतला आणि आईला विचारलं, "मॅडम, काय मागू?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्या डोक्यातलं खूळ जाऊ दे."

मी म्हटलं, आता हे काहीतरी समजावतील. कसलं काय! त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, जिल्हा गोंदिया, फुलचूर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, चवथं घर, गेटावर मधुमालती. इथं एक माय म्हणून राहिली का पोरीच्या डोक्यातलं खूळ जाऊ दे. आमेन." गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढता काढता थांबल्या. माझं खूळ पाण्याच्या टाकीपर्यंत जाहीर झालं.

पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्याही बुधवारी तेच. चौथ्या बुधवारी माझा संयम सुटला. ते सायकलचं स्टँड काढत होते, मी गेटपाशी त्यांना गाठलं.

"बाबूजी, तुम्ही माझ्या विरोधात प्रार्थना करता?"

"तुह्या मायनं देल्लं ते पोचवलं," ते म्हणाले. "तुह्यं दे, ते बी पोचवतो. एका घरचे दोन टपालं रायतेच."

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

"पोस्टमनले मत आलं का तो टपाल गहाळ करते."

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, "ठीक आहे. मग मागा, की आईनं हो म्हणू दे."

त्यांनी मान हलवली. "हे तुह्यं नोहे. हे तिचं हाय, तिच्या नावाचं. तुह्यापाशी काय कमी हाय ते सांग."

मी उभी राहिले. मे महिन्याची संध्याकाळ, सिमेंटचा रस्ता अजून तापलेला, आणि ते काही घाईत नव्हते. घड्याळ खिशातच होतं. शेवटी माझ्या तोंडून जे निघालं ते मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "मला भीती वाटते," मी म्हटलं. "आई म्हणते तेच खरं असलं तर? हे नुसतं खूळच असलं तर?"

त्यांनी तिथंच, गेटात, सायकल मांडीला टेकवून हात पुढं केले. जिल्हा, फुलचूर, टाकी, चवथं घर. "इथं एक पोरगी हाय. तिले भेव लागून राहिलं का हे तुह्यं बोलावणं नसंल तं कसं. तिले भेव लागून राहिलं, प्रभू. आमेन." माझ्या आयुष्यातली सगळ्यात खाजगी गोष्ट त्यांनी भर गल्लीत ओरडून सांगितली आणि मला लाज वाटली नाही. मोकळं वाटलं.

जाताना मी विचारलं, "तुमच्या घरून कोणी नाही म्हटलं नव्हतं?"

"बायको म्हणे, पोरं मोठी होऊ द्या. अकरा वर्ष थांबलो."

"आणि पाचारण?"

"ते काही दूध हाय का नासाले?"

मी आत आले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ती खिडकी गेटावरच उघडते. तिनं मला वाढलं, स्वतः जेवली नाही. तोवर तिला वाटत होतं की मी हट्टाला पेटले आहे. हट्टी मुलीशी कसं वागायचं ते तिला शाळेमुळं पक्कं ठाऊक होतं. घाबरलेल्या मुलीचं काय करायचं, ते तिला त्या आठवड्यात ठरवावं लागलं असणार.

पुढचा बुधवार. मे अखेरचा नवतपा लागलेला, बाहेर भट्टी. डाकबाबू घामानं निथळत आले, पोतं अंथरलं. कूलर घरघरत होता. चहा झाला.

"मॅडम, काय मागू?"

"तेच," आई म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली. जिल्हा झाला, गल्ली झाली, मधुमालती झाली. "इथं एक माय म्हणून राहिली का पोरीच्या डोक्यातलं—"

"थांबा, बाबूजी."

ते थांबले. डोळे उघडले नाहीत, हात खाली घेतले नाहीत. "मंग काय म्हणू?"

मी भिंतीला टेकून उभी होते, माझ्याने तिच्याकडे बघवेना. आई उठली आणि तिनं कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली. उकाडा अंगावर आला. डाकबाबूंचे हात तसेच पुढं होते. ते सत्तरीचे होते तेव्हा.

"तिथं तिला जेवण बरं मिळू दे," आई म्हणाली. "तिला तिखट सोसत नाही."

डाकबाबूंनी एक श्वास घेतला. "प्रभू, ही माय म्हणून राहिली का तिथं पोरीले जेवन बरं भेटू दे. पोरीले तिखट सोसत नाही." मग ते थांबले, आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं. "तिथच्या स्वयंपाकीणले सांगून ठेवजो. आमेन."

आई हसली आणि लगेच रडली. मी तर आधीपासूनच रडत होते. डाकबाबूंनी पोतं झटकलं, घडी केली, घड्याळ मनगटाला बांधलं आणि "येतो मॅडम" म्हणून निघून गेले, जसं काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई स्वतः कमिटीच्या गृहस्थांकडे गेली आणि सही करून आली. तलाठ्याच्या यादीतून माझं नाव गेलं. नातेवाईक दोन वर्षं आमच्याशी बोलले नाहीत.

कॉलेजातलं जेवण भयंकर तिखट होतं, ही गोष्ट वेगळी.

आज देवरी तालुक्यातल्या तीन लहान मंडळ्या माझ्याकडे आहेत. तिथं महिन्याच्या महिन्याला प्रभुभोजन होतं. दोन कोस चालून येणारी ती आजी मी दीक्षा घेऊन येईपर्यंत जगली, आणि मी पहिल्यांदा भाकर मोडली ती तिच्या हातात ठेवली. त्या दिवशी डाकबाबू शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर मी वाट बघत होते की काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "आवाज थोडा मोठा काढत जा. मले काही आयकू नाही आलं." दुसऱ्या कोणी ते म्हटलं असतं तर मला राग आला असता. मी ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले.

गेल्या फेब्रुवारीत डाकबाबू गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. थोरला मुलगा रायपूरहून आला. माणसं तर एवढी जमली की आमच्या लहानशा कबरस्थानात मावेनात. ख्रिस्ती थोडी आणि बाकीची सगळीकडची. ते दोघं भाऊ होते. बौद्ध वस्तीतली बरीच माणसं होती. आमचे मोठे पाळकसाहेब दौऱ्यावर होते. मुलगा म्हणाला, वडिलांचा मान मोठा होता, विधी साध्या माणसाकडून नको, नागपूरहून कोणी ज्येष्ठ पाळक येतील का बघू, संध्याकाळपर्यंत थांबू. कमिटीचे लोक माना डोलवत फोन काढू लागले. मी झगा घालून दहा हातांवर उभी होते. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. मी त्यांना दिसलेच नव्हते. आपण होऊन काही बोलायचं नाही असं मी ठरवलं.

आई फुलचूरहून ऑटोनं आली होती. आता निवृत्त झाली आहे, गुडघे धरलेत. आयुष्यभर शाळेतली मराठी बोलणारी माझी आई काठी टेकत त्या घोळक्यात घुसली.

"पाळक इथं उभी हाय अन् तुमी नागपूरले फोन कायले लावून राहिले?" ती म्हणाली. आवाज चांगला खडा होता. "माही पोरगी करन."

मुलानं माझ्याकडे पाहिलं, फोन खिशात ठेवला आणि बाजूला झाला. मी पुढं झाले, कबरीच्या उशाशी उभी राहिले आणि पुस्तक उघडलं. ऊन डोक्यावर होतं. आईला कोणी तरी खुर्ची आणून दिली, पण ती बसली नाही. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि माती देऊन होईपर्यंत तशीच उभी होती.